नाकातलं पीस

खैरूनबी मेल्याची बातमी परवा आमच्या कडूलिंबाच्या पारावर आली, तेव्हा वसंता मुकडदम म्हणाला, "चांगली होती बिचारी." बाकीच्या बुढ्यांनी माना हलवल्या. मी उठलो आणि घरी आलो. आणखी बसलो असतो तर काठी उचलली असती, आणि या वयात दुसऱ्यावर काठी उचलली की आपणच पडतो.

बिचारी! त्या बाईला जिवंतपणी कोणी बिचारी म्हटलं असतं तर तिनं त्याच्या सात पिढ्या चौकात मांडल्या असत्या. आणि म्हणतो कोण, तर वसंता! म्हणून हे लिहायला बसलो आहे. मी दुसरी शिकलेला आहे. तिसरीत मास्तरनं फुकट मारलं म्हणून त्याच्यासमोर पाटी फोडली आणि पुन्हा शाळेत पाय ठेवला नाही. याचा अर्थ मला लिहिता येत नाही असा कोणी काढू नये. लिहिता येतं. वेळ लागतो, एवढंच.

खैरूनबी आमच्या दारव्ह्याची, आमच्या बोळातली. तिचा नवरा मुनीर आमच्याच जिनिंगमध्ये फिटर होता. मी रेच्यावर होतो. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची मशीन. मुनीर घरात काही बोलत नसे, कारण त्याला जागाच मिळत नसे. बाई उंच, हाडाची, आवाज जिनिंगच्या भोंग्यासारखा. कोणाच्या ओट्यावर ती कधी बसली नाही. जे बोलायचं ते उभ्यानं, कमरेवर हात ठेवून, आणि बोलून झालं की समोरच्याचं ऐकायला थांबायचं नाही. लहान पोरांपासून तहसीलच्या चपराशापर्यंत सगळे तिला खाला म्हणत. मी भाभी म्हणायचो. ती मला महादेवभाऊ म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात भैताड म्हणायची.

तिच्या बटेरांची गोष्ट सांगतो. शेतात तुरीच्या ओळींतून फुर्र करून उठतो तो लावा वेगळा. ही बटेर पिंजऱ्यातली, जरा जाडी, मातकट अंगाची. एकदा मालकानं मुनीरला मशीनचा एक भाग आणायला पांढरकवड्याला पाठवलं होतं. तिथं हैदराबाद रोडच्या ढाब्यावर या बटेरा खाण्यासाठी पाळलेल्या होत्या. मुनीरनं चार घेतल्या, सुतळीच्या थैलीत घातल्या आणि घरी आणल्या. खैरूनबीनं मसाला वाटला, चूल पेटवली, पहिली बटेर हातात धरली आणि सुरी शोधायला वळली. तेवढ्यात त्या बटेरीनं तिच्या हातातच अंडं घातलं. आवळ्याएवढं, वर काळे-तपकिरी शिंतोडे.

खैरूनबी त्या अंड्याकडं पाहतच राहिली. मग मुनीरवर ओरडली, "बाळंतीण हाय ना हे! बाळंतिणीले कापू काय मी? तुले लाज नाई?"

मुनीर म्हणाला, "बाकीच्या तीन?"

"त्या तिच्या बहिणी असतील!"

मुनीरनं त्या दिवशी नुसत्या मसाल्याशी भाकर खाल्ली. हे त्यानं दुसऱ्या दिवशी मला रेच्यापाशी सांगितलं. सांगताना तो हसत होता. त्याला हसताना मी फार वेळा पाहिलं नाही, म्हणून लक्षात आहे.

आता खरी गंमत पुढं आहे, आणि ही चूक एकट्या खैरूनबीची नव्हती, आख्ख्या बोळाची होती. अंडं दिलं म्हणजे पाखरू त्याच्यावर बसणार, हे आम्हा सगळ्यांना उन्हासारखं स्पष्ट होतं. खैरूनबीनं जिनिंगमधली धुतल्यासारखी पांढरी रुई मागवली. पिंजऱ्यात गादी केली. बटेरा फिरता फिरता कुठंही अंडी टाकत आणि त्यांच्यावरूनच चालत जात. बसायचं नाव नाही. बाई पिंजऱ्यापुढं उभी राहून विनवायची, "बस वो माय, बस जरा." मग शिव्या द्यायची. बोळातल्या बाया सल्ला द्यायला जमल्या. एकीनं सांगितलं अंधार करा, म्हणून वर काळी ओढणी टाकली. चौघींतली एक बहीण नर निघाली होती; दुसरीनं सांगितलं नर त्रास देतो, म्हणून त्याला वेगळ्या खोक्यात घातलं, तर तो दिवसभर घशात खडे घातल्यासारखा ओरडायचा. माझ्या बायकोनं दृष्ट काढली. शेवटी त्या पांढऱ्या रुईत एक अंडं सडून फुटलं, आणि वास आमच्या घरापर्यंत आला.

मुनीर पुन्हा पांढरकवड्याला गेला तेव्हा त्यानं ढाबेवाल्याला विचारलं. ढाबेवाला पोट धरून हसला. म्हणाला, ही जात कधीच बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मशीनमध्ये अंडी फोडली, आता हिला बसायचं माहीतच नाही.

मुनीरनं घरी येऊन हे सांगितलं त्या दिवशी खैरूनबीला जो राग आला तो मेल्यावरच उतरला असेल. "इसरली? माय होनं इसरते काय कोनी?" तिनं मनात पक्कं केलं की या विसरलेल्या गोष्टीची आठवण करून द्यायची. कोंबडीखाली अंडी ठेवायची. खऱ्या बसणाऱ्या आईच्या पंखाखाली जी पिल्लं निघतील, ती मोठी होऊन आपोआप बसतील. असा तिचा हिशेब.

तो हिशेब चूक होता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण तिला फार हुशार करायला मी बसलेलो नाही. एकही बटेर कधी बसली नाही. पिल्लांची पिल्लं झाली, त्यांची पिल्लं झाली, सगळ्याच अंडी टाकून पुढं जायच्या. मी एकदा म्हटलं, "भाभी, यांच्या रक्तातच नाई ते. सोडा नाद." तर होळीपासून पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. मीही बोललो नाही. मी काहून बोलू? खरं तेच सांगितलं होतं.

पण कोंबडीखाली अंडी ठेवायचं काम मात्र जमलं, आणि ते खुडूक कोंबडीनं जमलं. खेड्यातल्या माणसाला खुडूक सांगायला नको, शहरातल्यासाठी सांगतो. कोंबडीला बसायचा ताव आला की ती अंडी देणं बंद करते, अंग फुगवते, कोपरा धरते, हात लावला तर चोच मारते. ती खुडूक झाली. पिल्लं नको असली तर अशी कोंबडी घराला नुकसान. म्हणून बाया काय करतात, तिच्याच पंखाचं एक पीस उपटतात आणि तिच्या नाकपुड्यांतून आरपार ओवतात. कोंबडी ते पीस काढायच्या नादात इतकी हैराण होते की बसणं विसरून जाते. दोनचार दिवसांत खुडूक मोडतं.

खैरूनबीनं बोळात ताकीद दिली, "पीस घालायचं नाई. खुडूक झाली की मले सांगायचं." पहिल्यांदा एका दांडग्या कोंबडीखाली अंडी ठेवली, तर तिनं वजनानंच फोडून टाकली. तेव्हापासून ती लहान चणीच्या, हलक्या कोंबड्या बघायची. अंड्यांतून आवाज यायला लागेपर्यंत खुडूक कोंबडी जागा बदलली की उठते, म्हणून ती कोंबडी आपल्या घरी नेत नसे. अंडी पदरात घेऊन कोंबडीच्या घरी जायची. कोणाच्या बाजेखाली, कोणाच्या न्हाणीच्या कोपऱ्यात, कोणाच्या फुटक्या माठात, अशी तिची अंडी सगळ्या बोळात बसलेली असत. बटेरीचं अंडं कोंबडीच्या अंड्याच्या आधी फुटतं. पिल्लू निघतं ते अंगठ्याच्या पेराएवढं. पहिल्या खेपेची पिल्लं पाण्याच्या बशीत बुडून मेली. बशीत! त्यानंतर ती नाल्यातून गुळगुळीत खडे वेचून आणायची आणि बशीत भरायची. पिल्लं खड्यांच्या फटींतलं पाणी प्यायची. मोठी बटेर दचकली की सरळ वर उडते आणि डोकं फोडून घेते, म्हणून पिंजऱ्याच्या छताला आतून तिनं जुन्या गोधडीचा तुकडा शिवला होता. हे सगळं करताना तोंडानं अखंड शिव्या चालू.

त्याच काळात आमची जिनिंग बंद पडली. कापसाचे ते वाईट दिवस. तेव्हा खेड्याखेड्यात कॅमेरे घेऊन लोक यायचे. यायलाच पाहिजे होतं, मी नाही म्हणत नाही. पण ज्यांनी आयुष्यभर त्या कापसातून सरकी काढली, ज्यांच्या छातीत तो कापूस जाऊन बसला, त्यांच्या बोळात एक माणूस आला नाही. आम्ही कोणत्याच गोष्टीत नव्हतो. कापूस आमचा नव्हता, तेव्हा त्याचं संकटही आमचं धरलं नाही कोणी. एक दिवस कुलूप दिसलं, तेवढंच. मुनीर रोज सकाळी पाना घेऊन फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. पुढच्या हंगामाला तो ताप येऊन गेला. डॉक्टरनं तापच सांगितला.

बटेर फार जगत नाही. दोन-तीन वर्षांत संपते. मुनीरनं थैलीत आणलेल्या चार तर केव्हाच मेल्या होत्या. राहिली होती ती त्यांची नातवंडं-पणतवंडं. एका हंगामात पिल्लं निघाली नाहीत तर सगळं संपलं असतं. पांढरकवड्याला तिची पोरगी दिली होती, ती न्यायला आली तर ही गेली नाही. "हे पाखरं कोन पाहीन?" म्हणाली. नवऱ्याचं नावसुद्धा तिनं घेतलं नाही. कोणी म्हटलं की खाला, मुनीरच्या आठवणीनं पाळता ना, तर तिचं उत्तर ठरलेलं, "आठवन गेली चुलीत. गोश्त बरं लागते." पण त्या घरात बटेर शिजलेली मी कधी पाहिली नाही, आणि आमच्या घरात आणि तिच्या घरात एकाच भिंतीचं अंतर होतं. आमच्याकडं काय शिजलं ते तिला कळायचं, तिच्याकडं काय शिजलं ते आम्हाला.

मध्ये एक साहेब समाजमंदिरात जोडधंद्यावर बोलायला आला. बायांनी बटेरपालन करावं म्हणाला. अंडी उबवायची पेटी दाखवली, आत दिवा, बाहेर बटण. त्या दिवसांत आमच्याकडं लाइट येण्यापेक्षा जाण्याचीच वेळ जास्त. खैरूनबी मागून उभ्यानंच म्हणाली, "साहेब, ह्या पेटीसंग लाइटबी देता काय, का तो तुमच्या घरून आनाचा?" लोक हसले. साहेबाला वाटलं बाई आपल्यावर खूश आहे. तोही हसला. चहा पिऊन गेला.

जिनिंगचं कुलूप पडल्यापासून बोळातले सगळे पुरुष पारावर बसत. मीही बसत होतो, नाही कशाला म्हणू. पण मिळेल तिथं मी खोदकामाला जायचो, कधी दिग्रसकडं, कधी कुठं. वसंता नाही गेला. तो मुकडदम होता ना! हाताखाली माणसं असायची त्याला. मुकडदमानं फावडं कसं धरावं? तो पारावर बसून जगाचा कारभार बघायचा आणि त्याच्याभोवती दहा-बारा जण.

खैरूनबी नाल्यावरून खडे घेऊन येताना पारापुढं थांबायची. कमरेवर हात. "काय रे, सारे खुडूक बसले काय? अंडे तं दिसत नाई कोनाखाली!"

वसंता म्हणायचा, "खाला, आपल्या वाटेनं जा ना."

"जातो बाप्पा. पन घरी जाऊन एक पीस घेऊन येतो. तुह्या नाकात घातल्याबिगर तू काई उठत नाई."

पोट्टे हे ऐकून नाचायचे. मग बोळात ते बोलणंच झालं. कोणाची बायको नवऱ्यावर चिडली की म्हणायची, खालाला बोलवू काय पीस घेऊन? वसंताच्या नाकाला तर पोट्टे लांबून बोट लावून दाखवायचे. चुकलं तिचं? चुकलं असेल. काम हातातून गेलेल्या माणसाला रोज उठून टोचणं काही चांगलं नाही. मलाही ते लागायचं. पण मला ती तोंडावर बोलायची आणि मी तिला तोंडावर बोलायचो. मी ते मनात ठेवून कुजवलं नाही.

मग टीव्हीवर पाखरांचा ताप आला. बर्ड फ्लू. कुठं तिकडं गुजरातच्या बाजूला कोंबड्या मारून राहिले, असं दाखवत होते. अंगभर पांढरे कपडे घातलेली माणसं, खड्डे, चुना. आमच्या दारव्ह्यात एक कोंबडी शिंकली नव्हती. पण पारावर दुसरं बोलणं राहिलं नाही. वसंताला कित्येक दिवसांनी कामासारखं काम सापडलं.

त्या दिवशी मी दिग्रसला नालीच्या खोदकामावर होतो. जे झालं ते मला माझ्या बायकोनं, सुमननं, सांगितलं. दुपारी वसंता दहा-बारा जणांना घेऊन खैरूनबीच्या दारात गेला. यात हिंदू होते, मुसलमान होते, सगळे आमच्याच जिनिंगचे. कोणी याला दुसरा रंग देऊ नये. वसंतानं तोंडाला रुमाल बांधला होता. त्यानं सांगितलं, "खाला, बोळातल्या लेकराबाळांचा प्रश्न हाय. हे परदेशी पाखरं हाय. इलाज नाई."

ती म्हणाली, "इलाज तं तुह्यावर करा लागते. हट."

दोघांनी तिला धरलं. ज्यांच्या लेकरांना तिनं खोकल्यावर अंडी दिली होती, ते दोघं. बाकीच्यांनी पिंजरे बाहेर काढले. बटेरा पोत्यांत भरल्या. शाळेमागच्या नाल्यात खड्डा केला, पोती टाकली, वरून चुना टाकला. सुमन म्हणाली, पोतं हलत होतं.

हे ऐकून मी काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. पण एक गोष्ट लिहितो आणि ती कोणीही वाचावी. त्या दहा-बारा जणांपैकी प्रत्येकाच्या घरी कोंबड्या होत्या. प्रत्येकाच्या! त्यातली एकही कोंबडी त्या दिवशी मेली नाही. ताप फक्त खैरूनबीच्या पाखरांना आला होता.

संध्याकाळी मी तिच्या दाराशी गेलो. ती अंगण झाडत होती. म्हणाली, "या महादेवभाऊ. जरा बाजूला उभे राहा, पिसं उडून राहिले." तिनं कचरा भरला नाही. एकेक पीस वेचून ओढणीच्या टोकात बांधत होती. मी म्हटलं, "भाभी, चला ठाण्यात." ती म्हणाली, "ठाण्यात काय सांगू? मेले कोन, बटेर. मारले कोन, शेजारी. शिपाई हसून हसून मरन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर सगळे होते. मोठं काम करून आल्यासारखे बसले होते. खैरूनबी आली. धुतलेले कपडे, डोक्यावर ओढणी, एका मुठीत पिसं, दुसऱ्या हातात नाल्यातले खडे भरलेली पिल्लांची ती बशी. ती वसंतापासून सुरू झाली. त्याच्यासमोर पाराच्या दगडावर एक पीस ठेवलं, उडू नये म्हणून वर एक खडा ठेवला. मग शेजारच्यापुढं. मग त्याच्या शेजारच्यापुढं. एक शब्द बोलली नाही. ती बाई गप्प आहे, याचीच आम्हाला भीती वाटली. कोणी उठेना. उठावं तर तिच्या अंगावरून जावं लागलं असतं. माझ्यासमोर आली, माझ्याकडं पाहिलं आणि पुढं गेली. माझ्यापुढं पीस ठेवलं नाही.

सगळ्यांचं झालं, तेव्हा ती वळली आणि सरळ वसंताच्या घराच्या दारात जाऊन उभी राहिली. हाक मारली, "कांताबाई! माही टोपली दे वो."

कांता म्हणजे वसंताची बायको. ती जणू दाराआड वाटच पाहत होती. बाहेर आली ती दोन्ही हातांत वेताची टोपली घेऊन. टोपलीत एक लहान चणीची लाल कोंबडी अंग फुगवून बसली होती. कोणाकडं बघत नव्हती, हलत नव्हती. कांतानं टोपली खैरूनबीच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "कालपासून आतून आवाज येऊन राह्यला. आजउद्याकडं फुटते."

पारावर कोणाला आधी कळलं नाही. मग एकाला कळलं, मग सगळ्यांना. ज्या माणसानं बोळातल्या लेकराबाळांसाठी सगळ्या बटेरा चुन्यात पुरल्या, त्याच्याच बाजेखाली, त्याच्याच कोंबडीच्या पोटाखाली खैरूनबीची अंडी ऊब घेत होती, आणि तो त्याच बाजेवर झोपत होता. त्याच्या बायकोनं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. सत्तार म्हणून एक हमाल होता, आदल्या दिवशी पोतं धरणाऱ्यांतलाच. तो पहिल्यांदा हसला. मग बाकीचे हसले. निर्लज्जासारखे हसले. काल पोतं धरलं आणि आज हसले. मला त्या हसण्याची अजून चीड येते. वसंता काळानिळा झाला.

"कोंबडी माही हाय," तो ओरडला. "अंडे न्या, कोंबडी ठेवा!"

खैरूनबीनं टोपली त्याच्यापुढं धरली. "घे ना. उचल. उठते काय पाह्य."

त्यानं हात घातला. कोंबडीनं असा टोचा मारला की बोटातून रक्त आलं.

"ते नाई उठत," खैरूनबी म्हणाली. "तिच्या नाकात पीस नाई घातलं कोनी."

तशीच ती बोळातून निघाली. तिच्या दारात पत्र्याची पेटी आधीच भरून ठेवलेली होती, ती मी डोक्यावर घेतली. स्टँडजवळ यवतमाळची काळीपिवळी जीप भरत होती. तिथून पुढं एसटीनं पांढरकवड्याला, पोरीकडं. मी म्हटलं, "भाभी, लोक आज ना उद्या इसरतील. थांबा."

"थांबून काय करू? खुडूक बसू?"

मी म्हटलं, "मग मी कोनाशी भांडू?"

"बायको हाय ना तुमची. ते काय फक्त दृष्ट काढाले हाय?"

मी पेटी वर टाकली. ड्रायव्हर म्हणाला, "खाला, टोपली टपावर दे." त्यावर त्या ड्रायव्हरनं जे ऐकलं ते त्यानं जन्मात ऐकलं नसेल. पुढच्या सीटवर बसलेले दोघं मुकाट्यानं मागं गेले.

त्यानंतर ती दारव्ह्याला आली नाही. एकदाही नाही. आम्ही पांढरकवड्याला गेलो नाही. मी रागानं गेलो नाही, आणि कोणावरच्या रागानं हे आता मलाही नीट सांगता येणार नाही. वसंता कितीतरी वर्षं त्या लाल कोंबडीबद्दल बोलायचा. माझी कोंबडी नेली, चोर बाई. आणि आता म्हणतो, बिचारी. परवा उठताना मी त्याला एवढंच विचारलं, "वसंता, कोंबडी आली काय रे वापस?" त्यानं तोंड फिरवलं.

बातमीचा फोन तिच्या जावयाचा होता, माझ्याच नातवाच्या मोबाइलवर; पोरगा मोबाइल घेऊन पारावरच आला होता. जावई रडत होता, काय काय सांगत होता. मला अर्धंच ऐकू आलं, कारण त्याच्या मागं कोणीतरी घशात खडे घातल्यासारखं ओरडत होतं. मी विचारलं, "नर हाय काय तो?" जावई म्हणाला, "हौ चाचा. घर भरलं हाय त्यायनं."

मला ती दिसते ती त्या काळीपिवळीतली. पुढच्या सीटवर ताठ, मांडीवर टोपली, टोपलीवर ओढणी, ओढणीतून कोंबडीचं लाल डोकं बाहेर. स्टँडच्या तोंडाशी तेव्हा मोठा गतिरोधक होता, गाड्या त्याच्यावरून धाडकन आदळत जायच्या. जीप तिथं पोचली आणि तिचा आवाज आला, पार स्टँडभर. "हळू, मुड्द्या! हळू घे! फुटून राहिले ते!" जीप जवळजवळ थांबली. मग एक चाक चढलं, टेकलं, दुसरं चढलं, टेकलं. मागं ट्रक, एसटी, ऑटो, सगळे हॉर्न वाजवत होते. खैरूनबीनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि पंजा पसरून मागच्या सगळ्या गाड्यांना दाखवला, थांबा म्हणून. आणि त्या थांबल्या.